सत्कार आणि मान : फोंड्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासातील माजी सैनिकांचे प्रकरण

फोंडा तालुक्यातील ज्या ज्येष्ठ निवासाची व्यवस्था मी गेली काही वर्षे पाहतो, तेथे साठेक रहिवासी आहेत आणि त्यांपैकी सातजण सैन्यदलांतून निवृत्त झालेले आहेत. १९ डिसेंबर २०२३ रोजी, गोवा मुक्तिदिनी, आम्ही या सातांपैकी चौघांचा जाहीर सत्कार केला. कार्यक्रम पार पडला, छायाचित्रे उत्तम आली, नातेवाइकांचे कौतुकाचे फोनही आले. त्या रात्री मात्र चौघांपैकी दोघे जेवायला आले नाहीत. पुढचे प्रकरण त्या कार्यक्रमाचे आणि त्यानंतरच्या तेरा महिन्यांचे आहे. असे सत्कार आमच्यासारख्या निवासांत सर्रास होत असल्यामुळे आमच्या चुकांसह ते लिहून ठेवत आहे. संबंधित रहिवाशांच्या इच्छेनुसार त्यांची नावे गाळली आहेत.

जागा आणि माणसे

फोंड्यात मुक्तिदिनाला सैनिकांचा सत्कार करण्याला एक स्थानिक संदर्भ आहे. डिसेंबर १९६१ मध्ये ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले तेव्हा मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या १७ इन्फन्ट्री डिव्हिजनबरोबर ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून गोव्यात शिरली, आणि तिच्या तीन तुकड्यांपैकी २ पॅरा (मराठा) ही तुकडी फोंड्याच्या वाटेने पुढे सरकली. माघार घेणाऱ्या पोर्तुगीज फौजेने बोरीचा पूल उडवला होता. १९ डिसेंबरला सकाळी दुसऱ्या शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान पणजीत पोचले आणि त्याच दिवशी गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा परिसरातल्या, ज्येष्ठांना या दोन दिवसांच्या आठवणी आजही तपशीलवार सांगता येतात. आमच्याकडच्या एक आजी तर तेव्हा घरात शिजवलेली पेज सैनिकांना दिल्याचे सांगतात आणि त्यातल्या एकाने मराठीतून ‘मीठ आहे का?’ असे विचारल्यावर घरातली भीती कशी एकदम उतरली, हेही सांगतात.

आमच्या निवासातले सुभेदारसाहेब याच २ पॅराचे. मूळ सिंधुदुर्गातले, पुढे मुलगी फोंड्यात दिली म्हणून इकडे आलेले, आणि १९६१ मध्ये बावीस वर्षांचे सिपाही असलेले. त्यांच्याशिवाय १९७१ साली पश्चिम सीमेवर असलेले तोफखान्यातले एक हवालदार, ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर विमानांची देखभाल केलेले नौदलातले एक चीफ (हा तिथला वरिष्ठ नाविकाचा हुद्दा), निवृत्त लेफ्टनंट कर्नल, हवाई दलातले एक गृहस्थ, शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेलेले, नाईक हुद्द्याचे एकजण आणि सेनेच्या पुरवठा विभागात लेहच्या रस्त्यावर पंधरा वर्षे ट्रक चालवलेले एकजण, असे हे सातजण. यांपैकी हवालदारांना गेल्या तीन वर्षांपासून विस्मृतीचा आजार आहे.

१९ डिसेंबर २०२३

निवड आमच्या कार्यालयात, साधारण अर्ध्या तासात झाली. युद्धात भाग घेतला त्यांचा सत्कार, असा निकष ठरला आणि शाळेच्या पुस्तकातली १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ ही वर्षे, त्यांत गोव्यासाठी १९६१ हे घालून, यादी तयार झाली. त्यात सुभेदार, हवालदार आणि चीफ बसले. कर्नलसाहेब युद्धात नव्हते, परंतु अधिकाऱ्याला कसे वगळायचे म्हणून त्यांचे नाव घेतले आणि ते यादीत सर्वांत वरही घातले. निकष किती घट्ट होता ते यावरूनच कळावे.

कार्यक्रम सकाळी दहाचा होता. चौघेही पावणेदहाला, इस्त्री केलेल्या कपड्यांत, अंगणातल्या मांडवात येऊन बसले. प्रमुख पाहुणे सव्वाअकराला आले. आपल्याकडे तासभराच्या उशिराला कोणी उशीर म्हणत नाही, मात्र ज्यांनी उभे आयुष्य ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी हजर राहण्यात काढले त्यांच्यासमोर आपण काय मांडतो आहोत, हे माझ्याही लक्षात आले नाही. फलकावर ‘निवृत्त सुभेदार’ असे छापले होते. सैन्यात हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस निवृत्त होतो. म्हणून आधी हुद्दा, मग नाव आणि शेवटी कंसात ‘निवृत्त’ असा तिथला क्रम असतो. सूत्रसंचालकांनी सुभेदारसाहेबांची ओळख ‘पाकिस्तानला धूळ चारणारे’ अशी करून दिली. ज्या लढाईसाठी त्यांना बोलावले होते ती पोर्तुगालविरुद्धची होती आणि तीही आम्ही बसलो होतो तेथून हाकेच्या अंतरावरच्या रस्त्यांवरची.

शाल-श्रीफळ झाले. लोकरी शाल किनारपट्टीच्या डिसेंबरातल्या साडेअकराच्या उन्हात अंगावर घेऊन चौघेही भाषणे संपेपर्यंत बसून राहिले. (नारळ चारही जणांनी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आणून दिले. आमच्याच भाटातले होते ते. त्यांची सोलकढी झाली.) शेवटी, जत्रेत लावतात तशी फटाक्यांची लांबलचक माळ कोणीतरी हौसेने लावली. ‘फौजी माणसं, त्यांना आवाजाची काय भीती?’ असे मी त्या वेळी शेजारच्याला म्हटल्याचे मला स्वच्छ आठवते. हवालदारांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, मग ते खुर्चीवरून उतरून टेबलामागे बसले आणि परिचारिकेला हाताने खाली बसण्याच्या खुणा करू लागले. विस्मृतीच्या आजारात जवळच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या टिकतात, हे आमच्या परिचारिकांना प्रशिक्षणात शिकवलेले आहे. ते फटाक्यांच्या संदर्भात कोणाच्या डोक्यात आले नाही. पुढचे चार दिवस ते रात्री झोपले नाहीत.

मांडव रिकामा झाल्यावरचे दृश्य मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहिले. शाळेच्या मुलांना वाटलेले कागदी तिरंगे खुर्च्यांखाली, पायवाटेवर पडले होते आणि चौऱ्याऐंशी वर्षांचे सुभेदारसाहेब, खांद्यावरची शाल दोनदा घसरल्यावर ती खुर्चीवर टाकून, एका हाताने काठी टेकत एकेक झेंडा उचलत होते. ध्वजसंहितेनुसार कागदी झेंडे जमिनीवर टाकायचे नसतात, त्यांची विल्हेवाट खासगीत आणि ध्वजाचा मान राखून करायची असते. हा नियम मला ठाऊक होता. आमच्या भाषणाच्या टेबलावर अंथरलेले तिरंगी कापडही त्याच संहितेत बसत नव्हते, हे मला नंतर कळले.

बिस्किटांचा डबा

जेवायला न येण्याचे कारण विचारायला मी दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी तक्रार केली नाही. कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, आतली तांदळाची पुरचुंडी बाजूला केली (पावसाळ्यातली ओल शोषून घ्यावी म्हणून ती ठेवलेली असते, तरी रिबनींवर बुरशीचे ठिपके होतेच) आणि पदके चादरीवर ओळीने मांडली. पहिले १९४७ चे सामान्य सेवा पदक होते, ज्याच्या एका बाजूला भवानी तलवार आणि दुसऱ्या बाजूला कमळ असते. त्याच्या रिबनीवर धातूची एक आडवी पट्टी होती आणि तिच्यावर ‘गोवा १९६१’ अशी अक्षरे होती. पदकाच्या कडेवर, नाण्याला दाते असतात त्या जागी, बारीक अक्षरांत त्यांचा सैनिक क्रमांक, सिपाही हा तेव्हाचा हुद्दा आणि नाव कोरलेले होते. ते वाचण्यासाठी त्यांनी मला भिंग दिले.

मग त्यांनी सांगितले की कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, पदके लावून येऊ का, असे त्यांनी आमच्या कर्मचाऱ्याला विचारले होते. ‘नको काका, शालीखाली दिसणार नाहीत,’ असे उत्तर त्यांना मिळाले होते.

कर्मचाऱ्याचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर होते. पदके डाव्या छातीवर लावतात आणि आपली शाल नेमकी तेथेच येते. सत्कार हा शब्द आपण देणाऱ्याच्या बाजूने वापरतो: कोणी केला, किती थाटात केला, कोणाच्या हस्ते केला. मान ही मिळवलेली गोष्ट असते आणि या माणसांचा मान पन्नास-साठ वर्षांपूर्वीच ठरून, कोरून, क्रमांकासह त्यांच्या हाती आलेला होता. आम्ही त्याच्यावर लोकरीची शाल पांघरली. पुढच्या वर्षी जे काही वेगळे केले ते सारे या एका गोष्टीवरून सुचत गेले.

यादीबाहेरचे

जानेवारी ते मे २०२४ या काळात मी आणि आमच्या समाजसेविका सर्व रहिवाशांकडे एकच प्रश्न घेऊन गेलो: तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी सैन्यदलात होते का? माजी सैनिकांची यादी तर आमच्याकडे आहे, असे मला वाटत होते. ती प्रवेश-अर्जातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यावरून केलेली होती.

पहिली धक्का देणारी गोष्ट एका बाईंची होती. सहा वर्षे आमच्याकडे राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंचे पती १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम सीमेवर कामी आले. त्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, शिक्षिकेची नोकरी त्यांनी नंतर धरली. सत्काराच्या दिवशी त्या मांडवात तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. ‘वीरनारी’ हा हल्लीचा शब्द त्यांना आवडत नाही, ‘हवालदाराची बायको म्हणा, ते पुरे,’ असे त्या म्हणाल्या.

कागदपत्रे पाहताना समाजसेविकेला आणखी एक गोष्ट दिसली. निवृत्तिवेतन आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांत वय ऐंशी झाल्यावर २० टक्के, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला १०० टक्के अशी वाढ मिळते, ही तरतूद बहुतेक निवृत्तिवेतनधारकांना ऐकून माहीत असते. बाईंच्या पीपीओमध्ये, म्हणजे निवृत्तिवेतन आदेशात, जन्मतारखेचा रकाना कोरा होता. १९७१ च्या धामधुमीत काढलेल्या कागदांत असे आढळते. तारीखच नसेल तर ऐंशी कधी झाली हे यंत्रणेला कळणार कसे? बाई ऐंशी पार करून गेल्या होत्या. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि पीपीओ यांतल्या नावाच्या तीन वेगवेगळ्या लिखाणांचा मेळ घालून, प्रतिज्ञापत्र करून, सैनिक कल्याणाचे काम पाहणाऱ्यांच्या मदतीने दुरुस्तीचा अर्ज गेला आणि आठ महिन्यांनी वाढ थकबाकीसह मंजूर झाली. त्यानंतर आम्ही सर्वांचे पीपीओ तपासले. सुभेदारसाहेबांचे वय बरोबर नोंदलेले होते. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मात्र अंगठ्याच्या रेषा झिजल्यामुळे दरवर्षी अडत होता. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवून होतो आणि त्यासाठी एक कर्मचारी दोन दिवस राखून ठेवला जातो. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, इसीएचएसच्या, दवाखान्यात जाणाऱ्यांबरोबरही आता आमचा माणूस जातो, कारण रेफरलचा कागद कुठे दाखवायचा आणि औषधे कुठून घ्यायची हे ऐंशीच्या माणसाने रांगेत उभे राहून शोधावे, ही अपेक्षाच चुकीची होती.

पुरवठा विभागातल्या ट्रकचालकांचे म्हणणे थोडक्यात असे की आपण लढलो नाही, आपले नाव नको. सुभेदारसाहेबांनी त्यांना सर्वांसमोर जे सुनावले ते येथे लिहिण्याजोगे नाही, पण त्याचा आशय असा होता की वरच्या चौकीतला माणूस रॉकेल आणि पीठ येईल तेवढेच दिवस लढतो.

शांतिसेनेतल्या नाईकांचा प्रश्न वेगळा आणि अवघड होता. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत आपले हजाराहून अधिक सैनिक मारले गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, त्यांची नावे आहेत. परंतु आमच्या यादीतल्या वर्षांत ते बसत नव्हते, कारण ती यादी मुळात शाळेच्या पुस्तकातल्या युद्धांची होती. ‘सोळा डिसेंबर बांगलादेशाचा, सव्वीस जुलै कारगिलचा. आमचा दिवस कुठला?’ असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. एका पायाने अधू असलेला हा बासष्ट वर्षांचा गृहस्थ आमच्या रहिवाशांत वयाने सर्वांत लहान आहे आणि इतर माजी सैनिकांतही फारसा मिसळत नाही.

येथे एक स्थानिक गुंताही नोंदवायला हवा. आमच्याकडे १९५५ च्या सत्याग्रहानंतर आग्वादच्या तुरुंगात राहिलेले एक आजोबा आहेत. गोव्यात त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतात आणि त्या शब्दात ‘सैनिक’ असल्यामुळे काही नातेवाइकांचा आग्रह होता की त्यांचाही याच कार्यक्रमात सत्कार व्हावा. आजोबांनीच तो मोडून काढला. आपण शस्त्र हाती न घेण्याची शपथ घेतली होती, तेव्हा या रांगेत बसणे दोघांनाही शोभणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते आणि सुभेदारसाहेब रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसतात, ही गोष्ट निराळी.

बोगमाळ्याची सहल

नौदलातल्या चीफना काय हवे असे विचारल्यावर त्यांनी सत्कार नको, बोगमाळ्याला नेऊन आणा, असे सांगितले. दाबोळीजवळ बोगमाळ्याच्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८ पासून आहे आणि तेथे उघड्या आवारात सी हॉक व अलिझे ही विमाने ठेवलेली आहेत, ज्यांनी १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून बंगालच्या उपसागरात उड्डाणे केली. सप्टेंबरात एका कोरड्या सकाळी आम्ही बारा जणांना घेऊन गेलो.

चीफ अलिझेजवळ गेले आणि प्रथम काही न बोलता चाकाच्या खोबणीत वाकून पाहू लागले. नंतर पंख कुठे दुमडतो, दुमडताना कोणी कुठे उभे राहायचे, जहाजाच्या डेकवर पंख्याच्या टप्प्यात जाऊ नये म्हणून वाकून कसे धावायचे, रात्री कोणत्या रंगाचा दिवा कोणत्या हातात, हे सारे त्यांनी पाऊण तास सांगितले. संग्रहालय पाहायला आलेली एका शाळेची मुले आमच्याभोवती जमली. एका मुलाने ‘तुम्ही पायलट होता का?’ असे विचारल्यावर, ‘नाही, मी होतो म्हणून पायलट होता,’ असे ते म्हणाले. येताना गाडीत ते झोपले. खर्च गाडीचा आणि दुपारच्या जेवणाचा. आदल्या वर्षीच्या मांडवाच्या निम्म्याहूनही कमी.

१४ जानेवारी २०२५

दुसऱ्या वर्षीचा दिवस माजी सैनिकांनीच ठरवला. फील्ड मार्शल के. एम. करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले म्हणून २०१६ पासून हा दिवस देशभर माजी सैनिकांचा म्हणून पाळला जातो, आणि तो कोणत्याही एका युद्धाचा नसल्यामुळे त्यात सातही जण बसत होते. अडचण एकच होती, त्या दिवशी संक्रांत होती आणि संध्याकाळी निवासात हळदीकुंकू असते.

या अडचणीतूनच एक जुनी गोष्ट वर आली. आमच्या हळदीकुंकवाला बाई कधीच येत नसत. त्यांना कोणी येऊ नका म्हटले नव्हते, बोलावलेही नव्हते. म्हणजे सवाष्ण नाही म्हणून संक्रांतीला वगळलेली आणि सैनिक नाही म्हणून मुक्तिदिनाला वगळलेली अशी ही एकच व्यक्ती होती, आणि दोन्ही वेळचे कारण तेच एक होते. समाजसेविकेने हळदीकुंकू घेणाऱ्या बायकांशी बोलणे केले. दोघींनी विरोध केला, एक शेवटपर्यंत नाराज राहिली. तिळगूळ आणि वाण सर्व बायकांना द्यायचे, इतके ठरले.

सकाळचा कार्यक्रम पस्तीस मिनिटांचा होता. संचालन कर्नलसाहेबांनी केले आणि ठरल्या मिनिटाला सुरू केले. प्रमुख पाहुणे नव्हते. ध्वज एकच होता, खांबावर. प्रत्येकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण किंवा जहाज आणि सेवेची वर्षे एवढेच वाचले गेले, आणि हा मजकूर प्रत्येकाकडून आधी तपासून, सही घेऊन ठेवला होता. पदके होती त्यांनी लावली. सुभेदारसाहेबांच्या रिबनी बदलून आणल्या होत्या. बाईंच्या पतीचे नाव बाईंनी स्वतः वाचले. मग दोन मिनिटे सर्वजण उभे राहिले, ज्यांना उभे राहता येत नव्हते ते बसून राहिले, आणि नंतर चहा झाला. हवालदारांना आम्ही पहिल्या रांगेऐवजी व्हरांड्यात, परिचारिकेशेजारी बसवले होते. त्यांचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा त्यांनी तेथूनच खणखणीत ‘हाजिर’ म्हटले. फटाके परिसरात लावायचे नाहीत असा नियम आता चतुर्थी-दिवाळीलाही पाळला जातो. शेजारच्या वाड्याला तो सांगता येत नाही, म्हणून अशा रात्री त्यांच्या खोलीत रेडिओ लावून परिचारिका बसते.

काही रहिवाशांना हा कार्यक्रम फिका वाटला. शाल नाही, भाषण नाही, मुलांची गाणी नाहीत, अशी तक्रार व्यवस्थापन समितीकडे आली. त्यात तथ्य आहे. मुले यायला हवीत, असे चीफचेही मत आहे, आणि येत्या वर्षी त्यांना बोगमाळ्यालाच बोलवावे असा विचार चालू आहे.

नाईक त्या सकाळी आले नाहीत. त्यांचा मजकूर तपासून, सही होऊन आमच्याकडे होता, तो कर्नलसाहेबांनी वाचला. दुपारी ते कार्यालयात आले आणि आपल्या तुकडीचे नाव बरोबर उच्चारले का, एवढेच त्यांनी विचारले. खोलीतून ऐकले होते का, असे मी विचारल्यावर वारा उलट दिशेचा होता, असे म्हणाले. तो कागद त्यांनी मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला, आणि ऑक्टोबरातल्या एका तारखेला सकाळी खांबाजवळ एकट्याने थोडा वेळ उभे राहिले तर चालेल का, असे विचारले. फाटकाची किल्ली त्या दिवशी पहाटे पाचला त्यांच्याकडे द्यावी, अशी नोंद रखवालदाराच्या वहीत केली आहे.